फोटो वरचा, हक्क खालचा

(रोहिणखेड, ता. मोताळा, जि. बुलढाणा येथील शेतकरी बैठकीत केलेले भाषण)



कापसाचा भाव, थकलेले कर्ज, रात्रीची वीज हे विषय बाजूला ठेवून आज मी फोटोवर बोलणार म्हटल्यावर काही मंडळींच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. पण हा फोटो लग्नाच्या अल्बममधला नाही. तुमच्या घराच्या, गोठ्याच्या, वावराच्या डोक्यावरून काढलेला फोटो आहे. त्यावरून घराची मिळकत पत्रिका तयार होते, पिकाचा अंदाज बांधला जातो, नाल्यावर बांध कुठे घालायचा ते ठरते. ज्या कागदावर आपला हक्क लिहिलेला असतो तो आपल्याला वाचता आला पाहिजे, हे सातबाराच्या बाबतीत आपण पुष्कळ ठेचा खाऊन शिकलो. आता कागदाच्या जोडीला फोटो आला आहे. तोही वाचायला शिकले पाहिजे.

ड्रोन गावाला नवा राहिलेला नाही. वरातीवर तो घिरट्या घालतो, पोळ्याला बैलांच्या रांगेवरून फिरतो. गावातली पोरे शिवार वरून टिपतात आणि मोबाइलवर सगळ्यांना दाखवतात. घाटाची उभी भिंत, पायथ्याशी वसलेले गाव, १५८२ साली खुदावंतखानाने बांधलेली मशीद, भोवती काळ्या-तांबड्या वावरांचे तुकडे. पाहणारा म्हणतो, आपले गाव इतके देखणे आहे! देखणे आहेच. पण शेतकऱ्याने बैल नुसते देखणे म्हणून घेतले नाहीत. दात पाहिले, खांदा पाहिला, चालवून पाहिले. हा फोटोही तसाच पारखून घ्यायचा आहे.

वरून पाहणारा कोण?

रोहिणखेडकडे वरून पाहणारे काही आजचे नाहीत. हे गाव घाटाच्या तोंडाशी आहे. खानदेशातून वर चढणाऱ्या आणि दख्खनेतून खाली उतरणाऱ्या फौजांची ही वाट. १४३७ साली बहमनी सरदार खलफ हसन याने खानदेशच्या नसीरखानाचा इथे पराभव केला. १५९० साली बुऱ्हाण निजामशहा आणि खानदेशचा राजा अलीखान यांनी इथेच जमालखानाशी लढाई केली आणि अहमदनगरच्या गादीचा निकाल लागला. घाटमाथ्यावर उभ्या राहिलेल्या सेनापतीला खाली काय दिसत असेल? वाट दिसत असेल, पाणी दिसत असेल, फौजेला पुरेल इतका दाणागोटा दिसत असेल. पेरणारा माणूस त्याच्या हिशेबात नव्हता.

१८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. पुढे मुंबई इलाख्याच्या पद्धतीने इथल्या जमिनीची मोजणी झाली. ३३ फुटांची साखळी जमिनीवर पसरली. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तो गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. सर्व्हे नंबर पडले, प्रत आणि आकार ठरले. काम चोख होते, हे मान्य केले पाहिजे. त्या मोजणीच्या नोंदी आजही आपल्याला आधाराला लागतात. पण मोजणी कशासाठी झाली? सारा ठरवण्यासाठी. सरकारला शिवारात महसूल दिसत होता.

आकाशातून फोटो काढण्याची कथाही अशीच आहे. १८५८ साली फ्रान्समध्ये नादार नावाच्या छायाचित्रकाराने पॅरिसजवळच्या एका खेड्यावर फुगा चढवून फोटो घेतला. पहिला प्रयोग खेड्यावर झाला, बरे का! पण या कलेला खरा पैसा मिळाला तो १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात, शत्रूचे खंदक टिपण्यासाठी. आपल्या देशातही हवाई फोटो वर्षानुवर्षे संरक्षण खात्याच्या कुलपात राहिले. गावाचा फोटो असायचा, गावाला तो पाहता येत नसे. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारने नकाशे आणि भूमाहितीविषयीचे नियम सैल केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ड्रोनचे नवे नियम आले. कुलूप बरेचसे उघडले.

सेनापतीला वाट दिसली, इंग्रजाला सारा दिसला, लष्कराला खंदक दिसला. वरून पाहणाऱ्याला जे हवे असते तेच त्याच्या नजरेत भरते. आज आपल्या शिवाराकडे वरून पाहणाऱ्यांत विमा कंपनी आहे, बँक आहे, महसूल खाते आहे. शेतकऱ्याने स्वतःच्या कामासाठी पाहिले नाही, तर दुसऱ्याने काढलेला अर्थ त्याच्या माथी बसतो.

फोटो आणि नकाशा यांत फरक काय?

वरून काढलेला एकटा फोटो हा नकाशा नसतो. फोटोच्या मधोमध असलेले घर सरळ वरून दिसते. कडेचे घर कलल्यासारखे दिसते, त्याची एक भिंतही दिसते. उंचावरची जागा कॅमेऱ्याच्या जवळ म्हणून मोठी दिसते, खोलगट जागा लहान दिसते. अशा फोटोवर पट्टी ठेवून अंतर मोजले तर भावाभावांत भांडण लागेल.

म्हणून मोजणीचा ड्रोन नांगराच्या तासासारखा इकडून तिकडे फिरत एकाला एक चढलेले शेकडो फोटो घेतो. तीच जागा अनेक फोटोंत वेगवेगळ्या कोनांतून येते. एक डोळा झाकून सुईत दोरा ओवून पाहा, जमत नाही. दोन डोळ्यांनी पाहिले की अंतर कळते. संगणक हेच करतो. दोन जागांवरून घेतलेल्या फोटोंवरून उंची-खोली काढतो, कललेले सरळ करतो आणि मग सगळे फोटो जोडतो. जमिनीवरच्या नेमक्या मोजलेल्या खुणांशी तो जोड मिळवला, की मोजमाप घेता येईल असे चित्र तयार होते. त्यावरचा एक ठिपका जमिनीवर पाचेक सेंटिमीटरचा असू शकतो. एवढ्यात पत्र्याची कड दिसते, ओट्याची पायरी दिसते, उकिरडा दिसतो.

पण झाडाखालचे दिसत नाही. कडुनिंबाने झाकलेला धुरा कॅमेऱ्याला दिसत नाही. पत्र्याची पन्हळ भिंतीच्या दोन फूट पुढे आलेली असेल तर चित्रात पत्रा दिसतो, भिंत दिसत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचे, घर कोणाचे हे कोणत्याही कॅमेऱ्याला दिसत नाही.

घराचे चित्र

२४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने स्वामित्व योजना जाहीर केली. भारतीय सर्वेक्षण विभागाने ड्रोन उडवायचा, राज्याच्या खात्यांनी चौकशी करायची आणि गावठाणातल्या घराघराला मालकीचा कागद द्यायचा, अशी ती योजना. महाराष्ट्राने हे काम आधीच हाती घेतले होते; पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी पहिला प्रयोग झाला. १८ जानेवारी २०२५ या एका दिवशी देशात ६५ लाखांहून अधिक पत्रिका वाटल्याचा कार्यक्रम झाला.

ही गोष्ट मी चांगलीच मानतो. शेतीला सातबारा आहे, पण पिढ्यान् पिढ्या ज्या घरात राहिलो त्याला बहुतेक खेड्यांत धड कागद नव्हता. ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवायचा, पण ती कर आकारणीची नोंद. पट्टी कोण भरतो ते ती सांगते, मालकी सिद्ध करत नाही. शहरातला माणूस खोली गहाण टाकून धंदा उभा करतो. खेड्यातला माणूस सहा खणांचे घर असून सावकाराच्या दारात उभा. मालमत्ता होती, तिचे भांडवल होत नव्हते. कागद आला तर निदान बोलायला जागा झाली. कर्ज द्यायचे की नाही ते बँक ठरवणार. नुसत्या पत्रिकेने तिजोरी उघडत नाही, हेही लक्षात असू द्या.

आता या कामात शेतकऱ्याने कुठे जागे राहायचे ते सांगतो.

पहिली जागा ड्रोन उडण्याच्या आधीची. ग्रामसभा होते आणि प्रत्येकाने आपल्या मिळकतीची हद्द चुन्याने आखायची असते. तो चुना म्हणजे तुमची साक्ष. आखला नाही तर चित्रात भिंत आणि पत्रा दिसेल. पुढचे अंगण, मागची खळवाडी, बैल बांधायची जागा मोकळी दिसेल. मोकळ्या जागेवर कोणाचेही बोट पडते. दोघांच्या सामाईक बोळाचे काय ते शेजाऱ्याशी बोलून आधी ठरवा. ड्रोन पंधरा-वीस मिनिटांत निघून जातो, बोळाचे भांडण नातवापर्यंत चालते.

दुसरी जागा चौकशीची. चित्रावरून नकाशा झाला की चौकशी अधिकारी कागद पाहतो, हरकती ऐकतो. त्या दिवशी कर्ता पुरुष बाजाराला आणि म्हातारी ओट्यावर, असे होता कामा नये. नमुना ८ चा उतारा, खरेदीखत, वाटणीपत्र, जुना नकाशा जे असेल ते घेऊन बसा. तीन भावांचे घर वरून एका छपराचे दिसते. आतल्या दोन भिंती आणि तीन चुली कॅमेऱ्याला दिसत नाहीत. त्या सांगाव्या लागतात.

तिसरी जागा बायकांच्या नावाची. घराचा कागद नव्याने होतो आहे. जुन्या कागदात दुरुस्ती करायला दहा चकरा लागतात. नवा होताना नाव घालणे सोपे. २००३ च्या शासन निर्णयाने ग्रामपंचायतीत घराची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावे करण्याची वाट मोकळी झाली. २००५ च्या कायद्याने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत लेकीला लेकाइतका हक्क मिळाला. नव्वदच्या दशकात याच महाराष्ट्रात लक्ष्मीमुक्तीच्या कामात शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन केली. ती शेतजमीन होती, तिथे हात आखडणारे पुष्कळ होते. इथे तर राहते घर आहे. ज्या बाईने त्याच्या भिंती लिंपल्या तिचे नाव त्या कागदावर आले तर कोणाचे काय जाते?

चौथी जागा हद्दीची. ही मोजणी गावठाणातल्या मिळकतींची. वावराच्या धुऱ्याचा वाद या पत्रिकेने मिटत नाही. त्याला भूमी अभिलेख खात्याची मोजणीच लागते. आणि गायरानावर किंवा दुसऱ्या सरकारी जागेवर घर असेल, तर ते फोटोत आले म्हणून कायदेशीर होत नाही. उलट, अतिक्रमण कुठे आहे याचा पुरावा त्याच फोटोत तयार होतो. गायरानावरच्या वस्त्यांचा प्रश्न २०२२ साली उच्च न्यायालयापुढे आला तेव्हा किती घरांचा जीव टांगणीला लागला, ते तुम्ही पाहिले आहे. अशा घरांसाठी नियमानुकूल करण्याचा अर्ज वेगळा करावा लागतो. फोटोच्या भरवशावर राहू नका.

पिकाचे चित्र

आता माझ्या मूळ विषयाकडे येतो, पिकाकडे. १९७० च्या सुमारास केरळात नारळाच्या बागांना मुळांच्या रोगाने घेरले होते. डॉ. पिशारोटी यांनी हेलिकॉप्टरमधून खास फिल्मवर त्या बागांचे फोटो घेतले. ती फिल्म डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टिपत असे. निरोगी पान लाल प्रकाश खाऊन टाकते आणि अवरक्त प्रकाश भरपूर परत फेकते. आजारी पान कमी फेकते. खाली उभ्या माणसाला झाड हिरवे दिसत असतानाच फोटोत ते वेगळे उठून आले. उपग्रहातून पीक पाहण्याच्या आपल्या देशातल्या कामाची सुरुवात त्या नारळापासून झाली. म्हणजे विद्या खरी आहे. तिला शिव्या देऊन उपयोग नाही.

पण तिची मर्यादा ओळखा. उपग्रहाचा एक ठिपका जमिनीवर केवढा असतो? एका कॅमेऱ्याचा ५६ मीटर, म्हणजे ३१ गुंठे. दुसऱ्याचा साडेतेवीस मीटर, म्हणजे साडेपाच गुंठे. तिसऱ्याचा १० मीटर, म्हणजे जवळपास एक गुंठा. पाच एकर वावरात पहिल्या कॅमेऱ्याचे जेमतेम सहा-सात ठिपके बसतात, आणि कडेच्या ठिपक्यांत धुऱ्यावरची बाभूळ, शेजाऱ्याचा मका, पांदण रस्ता असे सगळे मिसळते. पऱ्हाटीत तूर लावलेली असेल तर ठिपका कशाचा धरायचा? पुन्हा श्रावण-भाद्रपदात आभाळ भरलेले. साध्या कॅमेऱ्याला ढगांपलीकडचे दिसत नाही. रडारचा उपग्रह ढगांतून पाहतो, पण तो वेगळी गोष्ट मोजतो.

आणि नुकसान नेहमी पानावर दिसते का? २०१७ साली विदर्भात गुलाबी बोंडअळी आली. पऱ्हाटी उभी होती, पाने हिरवी होती, बोंडे आतून किडलेली. वरून पाहणारा म्हणाला असता, पीक झकास आहे. सोयाबीनचेही तसेच. पाला कमरेइतका, शेंगेत दाणा नाही. झाडाचा हिरवेपणा आणि कास्तकाराच्या खळ्यातली रास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे मी का सांगतो? प्रधानमंत्री पीक विमा योजनेत २०२३ च्या खरिपापासून भात आणि गव्हासाठी तंत्राने काढलेल्या उत्पादनाच्या आकड्याला किमान ३० टक्के वजन देण्याची पद्धत आली. पुढच्या वर्षी सोयाबीन त्यात आले. तंत्र येऊ द्या. पीक कापणी प्रयोगात कोणते वावर निवडले, वजन कोणापुढे केले, यावर आपली तक्रार जुनीच आहे. माणसाच्या लबाडीला यंत्राचा चाप बसत असेल तर बसू द्या. पण मागणी अशी करा की ज्या चित्रावरून आकडा काढला ते चित्र, त्याची तारीख आणि हिशेबाची रीत मंडळातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीत लावली पाहिजे. न्यायालयात पुरावा दोन्ही बाजूंना पाहायला मिळतो. इथे एका बाजूने पाहायचे आणि दुसऱ्या बाजूने निकाल ऐकायचा, असे चालणार नाही.

पाण्याचे चित्र

आतापर्यंत दुसऱ्यांनी काढलेल्या चित्राची गोष्ट झाली. आता आपल्या कामाची.

घाटावरचे पाणी उतरून आपल्या शिवारातून उत्तरेकडे पूर्णेला आणि पुढे तापीला जाते. घाटालगत मुरमाड हलकी जमीन, खाली उतरत जावे तशी काळी आणि खोल. हे तुम्हाला माहीत आहे. पण वरून पाहिल्यावर सगळे शिवार एका नजरेत येते, आणि माझ्या वावरातली घळ कोणाच्या धुऱ्यापासून सुरू झाली ते दिसते. सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० च्या नकाशावर समान उंचीच्या रेषा २० मीटरच्या अंतराने असतात. अर्धे शिवार दोन रेषांच्या मध्येच संपते. त्यावरून समतल बांध कसा आखणार? ड्रोनच्या फोटोंतून उंचीचे जे चित्र निघते त्यात उघड्या जमिनीवर फूट-दीड फुटाचाही उतार कळू शकतो.

फोटो कोणत्या महिन्यातला हेही पाहावे लागते. चैत्र-वैशाखातला फोटो जमीन दाखवतो: कुठे माती वाहून मुरूम उघडा पडला, कुठे काळी साचली. मोठा पाऊस उघडल्यानंतर दोन दिवसांनी काढलेला फोटो पाणी कुठे तुंबते ते दाखवतो. पावसाने ताण दिल्यावर काढलेला फोटो कोणत्या पट्ट्यातले पीक आधी सुकते ते दाखवतो. तिथे माती उथळ आहे. दिवस उगवल्यानंतर तासाभरात काढला तर सावल्या लांब पडतात आणि धुरे, चर, घळी उठून दिसतात. भर दुपारचा फोटो सपाट दिसतो. अशी तीन-चार चित्रे एकमेकांशेजारी ठेवली, तर शिवाराचा जो अभ्यास होतो तो दहा पुस्तकांत मिळणार नाही. त्यात प्रत्येक ठिपक्यावर बोट ठेवून, इथे पूर्वी झरा होता, इथे बापाने दगड रचले होते, असे सांगणारा म्हातारा मात्र शेजारी बसलेला पाहिजे. त्याच्याशिवाय ते चित्र मुके आहे.

आता करायचे काम

मी ठराव मांडत नाही, कामे सांगतो.

एक. आपल्या गावठाणाच्या मोजणीची आणि पत्रिकांची स्थिती काय आहे, हे ग्रामपंचायत आणि तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून लेखी घ्या. तोंडी उत्तरावर उठून येऊ नका.

दोन. पत्रिका झाली असेल तर घराघरात तपासा: क्षेत्र बरोबर आहे का, सगळ्या हिस्सेदारांची नावे आहेत का, बाईचे नाव आहे का. चूक असेल तर मुदतीत अर्ज आणि पोच.

तीन. मोजणी व्हायची असेल तर ड्रोन येण्याआधी आळीवार बसून हद्दी ठरवा. जिथे वाद आहे तिथे वाद आहे असेच लिहा. गप्प राहिलेल्याचा वाद संपला असे धरले जाते.

चार. गावातल्या ज्या पोराकडे ड्रोन आहे त्याला वरातीपुरता ठेवू नका. नियम पाळून, मनाई नसलेल्या हद्दीत, ४०० फुटांच्या आत, वर्षातून चार वेळा शिवार टिपू द्या. तारीख आणि वेळ लिहून ते फोटो ग्रामपंचायतीत ठेवा. ज्यांच्याकडे ड्रोन नाही त्यांनी इस्रोचे भुवन पाहा. २००९ पासून ते सर्वांना खुले आहे.

पाच. पीक बुडाले तर वावरात उभे राहून मोबाइलने फोटो घ्या, पण बोंड फोडून, शेंग सोलून घ्या. वरच्या कॅमेऱ्याला जे दिसत नाही ते दाखवणे आपले काम.

सहा. ग्रामसभेत शिवाराचे मोठे चित्र छापून भिंतीवर लावा. नाला खोलीकरण, पांदण रस्ता, शेततळे यांची चर्चा त्या चित्रापुढे होऊ द्या. कोणाच्या वावरापुढे बांध होतो आणि कोणाचे वावर कोरडे राहते, हे सगळ्यांना दिसेल. भिंतीवर चित्र असले की कागदावर एक आणि शिवारात दुसरे असा कारभार करणे अवघड जाते.

मोजणीची साखळी आली तेव्हा आपले पूर्वज बाजूला उभे राहून पाहत होते. साखळी धरणारा सरकारचा, लिहिणारा सरकारचा. आज फोटोसमोर बसायची जागा आपल्याला आहे. ती रिकामी ठेवली तर दोष आभाळातल्या यंत्राला देता येणार नाही. येत्या ग्रामसभेला हा विषय लेखी द्या, आणि घरटी निदान दोन माणसे, त्यातली एक बाई, अशी हजर राहा.